होडीवर बसलेली पाखरं

आमच्या घरात कॅमेरा आला तोच मुळी लग्नं बघून बघून दमलेला. मामा मुंबईला लालबागमध्ये लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका माणसाकडे कामाला होता. मालकाने नवा कॅमेरा घेतला आणि जुना, रबर सुटलेला, पट्ट्यावर हळदीचे डाग पडलेला, मामाच्या माथी मारला. मामाने तो गणपतीला बुरोंडीत आल्यावर माझ्याकडे सरकवला. सोबत एक लांबलचक भिंग होतं. नवरी निघताना रडते ते फोटो मालक त्या भिंगाने लांबून काढायचा, म्हणजे तिला कळत नाही आणि ती मनमोकळं रडते, असं मामाने समजावलं. "तू फक्त बटण अर्धं दाब. फोकस त्याचा तो करतो. टिट-टिट वाजलं की त्याने धरलं समज, मग पूर्ण दाब." भिंगाच्या कडेला एक बारकी कळ होती. ती मात्र हलवायची नाही, असं त्याने बजावलं. ती हलवली की यंत्र हात वर करतं, सगळं आपल्या डोळ्यांवर येतं, आणि माणसाच्या डोळ्यांचा काय भरवसा, असं त्याचं म्हणणं. काकी चुलीपाशी बसून ऐकत होती. "वैशे, आता गो तू कोणाची लग्नं लावणार? पाखरांची?" असं ती म्हणाली आणि तेच झालं. घरात कोणाला माझ्यासमोर क्षणभर स्वस्थ उभं राहायला वेळ नव्हता. पाखरांना तरी होता.

मी अजून चाळिशीही गाठलेली नाही. आत्मकथन लिहायचं हे वय नव्हे, असं नवरा म्हणतो, आणि आठवणी काय रिटायर झाल्यावरच येतात का, असं मी त्याला विचारते. खरं सांगायचं तर हे एवढं एक लिहून टाकावं म्हणून बाकीचं लिहायला घेतलं. आधीची प्रकरणं लिहिताना मी याच्याभोवती घिरट्या घालत होते, हे माझं मलाच कळत होतं.

घर बंदराच्या वरच्या अंगाला, चढावर. खालून समुद्राचा आवाज आणि आतून भाकरीचा. आई आणि काकी, दोघी जावा, एकाच चुलीवर रांधायच्या. आई भाकरी थापायची, काकी भाजायची. आईच्या थापण्याला एक लय होती आणि काकी त्या लयीत बडबडायची. तिरफळं घातलेलं बांगड्याचं कालवण रटरटत असायचं, आणि मागच्या पडवीत सुकत घातलेल्या बोंबलांचा वास आमच्या कपड्यांना, वह्यांना, केसांनासुद्धा यायचा. काकीला मूल नव्हतं. त्यामुळे माझी वेणी घालायचा हक्क तिने आईकडून कधीच काढून घेतला होता. ती वेणी इतकी घट्ट घालायची की माझे डोळे ताणले जायचे. दत्ताकाका, म्हणजे तिचा नवरा, माझ्या बाबांचा धाकटा भाऊ. बाबा बोलायचे कमी, काका दोघांचं मिळून बोलायचा. कॅमेऱ्याचं टिट-टिट त्याला भारी आवडलं होतं. मी कुठे टक लावून बघताना दिसले की तो मागून येऊन कानाशी "टिट-टिट, धरलं!" असं ओरडायचा आणि समोरचं पाखरू उडून जायचं. मी चिडायचे. काकी म्हणायची, "मेल्या, तिचं गिऱ्हाईक पळवलंस."

दोघा भावांची मिळून एक फायबरची होडी होती, मागे इंजिन लावायची. पहाटे जायचे, जाळी उचलायची, दुपारपर्यंत परत. जाळ्यात मासळीबरोबर साप यायचे. समुद्रातले साप, चपट्या शेपटीचे. आमच्याकडे त्याची कोणी फार दखल घेत नाही. शेपटीला धरायचं, एक हिसका द्यायचा आणि पाण्यात भिरकावायचं, बस. काका तर होडी वाळूला लागल्यावरसुद्धा जाळ्यात एखादा राहिलेला असला तर मला घाबरवायला हातात धरून आणायचा. सुस्त असतो तो, पाण्याबाहेर त्याला काही सुधरत नाही, असं तो सांगायचा. आजही बंदरावर जा, तुम्हाला हे असंच चाललेलं दिसेल.

दुपारी बाया पाट्या घेऊन वाळूवर जमायच्या आणि समुद्राकडे तोंड करून बसायच्या. होडी अजून टिंब असते तेव्हाच त्यांना ती कोणाची आणि तिच्यात काय आहे ते कळायचं. होडी कळायची तिच्या चालीवरून, आणि मासळी कळायची पाखरांवरून. वर तांबड्या घारी फिरत असल्या आणि मागे पांढऱ्या पाखरांचा घोळका असला की भरली होडी. पाखरं नसली की आज घरी मासळीऐवजी कुळथाची पिठी. पण तसं कोणी म्हणायचं नाही. येणारी होडी वाळूला टेकेपर्यंत तिच्याबद्दल वाईट शब्द काढायचा नाही, हा आमच्याकडचा कडक नेम होता. रिकामी दिसत असली तरी "भरून येत्ये" म्हणायचं, उशीर झाला तरी "येतायत" म्हणायचं. शब्द पाण्यावरून चालत जातो आणि होडीला माणसांआधी गाठतो, असं काकी सांगायची. एकदा एका नव्या सुनेने "आज ह्यांना एवढा उशीर का?" असं नुसतं विचारलं, तर काकीने तिला अख्ख्या बंदरासमोर झापलं होतं. होडी सुखरूप आली, तरी त्यानंतर कित्येक दिवस ती सून खाली मान घालून बसायची.

मी त्या बायांच्या पुढे, ओल्या वाळूत पालथी पडून पाखरांवर नेम धरायचे. थंडीत ती पांढरी पाखरं येतात. पुस्तकात त्यांना कुरव म्हणतात हे मला फार नंतर कळलं. त्यांच्यामुळे मी एक गोष्ट पक्की शिकले, की माणूस जिथे हलतो तिथे ते पाखरू टेकत नाही. तुम्ही श्वास रोखा, कोपरांवर सरपटा, त्याला फरक पडत नाही. त्याची एक हद्द असते आणि तुमचं बोट त्या हद्दीत हललं तरी ते उठतं. होडीच्या मागे ओरडत येईल, सुटलेला बांगडा हवेतल्या हवेत उचलेल, पण माणसं असलेल्या होडीच्या काठावर निवांत बसणार नाही. दुसरी गोष्ट कॅमेऱ्याबद्दल शिकले. तो हट्टी होता. चौकटीत पाखरू असलं की तो त्यालाच धरायचा, त्याच्यामागे काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. आताचे कॅमेरे तर पाखराचा डोळा आपणहून शोधतात आणि सोडता सोडत नाहीत. माझ्याकडे आता तसा आहे. लोक कौतुक करतात, फोटोत डोळा काय सुरेख आलाय म्हणतात. मला दर वेळी वाटतं, मागे काय राहिलं ते बघून घ्यावं.

त्या दिवशी काहीच वेगळं नव्हतं, आणि मला अजून त्याचीच चीड येते. काकीने काकाला डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी दिली, तो माझ्या डोक्यावर टपली मारून गेला. दुपारी बाया बसल्या. एकेक होडी आली, मासळी उतरली, गलका झाला. आमचीच राहिली. ऊन उतरायला लागलं आणि खारा वारा सुटला, समुद्रावरून जमिनीकडे येणारा. काकी म्हणाली, "येतायत." आईही म्हणाली, "येतायत." मग एका बाईने हात लांबवला. खडपाच्या, म्हणजे पाण्यातून वर आलेल्या खडकांच्या दिशेला, नेहमीपेक्षा बरीच दक्षिणेकडे, टिंब दिसत होतं आणि वर घारी. इतक्या घारी मी एका होडीवर कधी बघितल्या नव्हत्या. पांढऱ्या पाखरांनी तर होडी चुन्याने रंगवल्यासारखी दिसत होती. "बाय गो, उतू चाललीय!" काकी हरखून उभी राहिली. बर्फवाल्याला हाक गेली. आईने जास्तीच्या पाट्या आणायला कोणाला तरी वर पिटाळलं. मी मात्र कान टवकारले. इतकी पाखरं आणि एकाचाही आवाज नाही.

मी भिंग लावलं. टिट-टिट. कॅमेऱ्याने लगेच एक पाखरू धरलं. ते होडीच्या काठावर बसलेलं होतं. उडत नव्हतं, बसलं होतं. पंख मिटून, मान आखडून, आपल्या घरी बसावं तसं. मी बटण सोडून परत दाबलं. टिट-टिट, दुसरं पाखरू. तेही बसलेलं, चोचीत मासळीचा तुकडा. तिसरं इंजिनावर बसलेलं. त्यांना कोणी हाकलत नव्हतं. होडी नाकासमोर येत नव्हती, आडवी होऊन, लाटेबरोबर एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर कलंडत खडपाकडे सरकत होती. मागे पाण्यावर इंजिनाने कापलेली रेघही नव्हती. फायबरच्या होडीचे काठ उंच, आत कोणी आडवं असलं तर दिसत नाही. मी दाबत होते, आणि ते यंत्र मला पाखरामागून पाखरू दाखवत होतं, स्वच्छ, पिसं मोजावीत इतकं स्वच्छ, आणि मला हवं होतं त्यांच्या मागचं.

"आई," मी म्हटलं, "होडीवर पाखरं बसलीत."

आईला कळलं. तिने माझ्याकडे बघितलं, तिचा चेहरा उतरला. बोलली काकी. "गप."

"काकी, बसलीत गो. आत कोण हलत नाय."

"वैशे, तोंड मिट!" तिने माझं मनगट धरलं. तिची नजर माझ्या हातातल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर पडली आणि तिथून चटकन वळली, म्हणजे तिलाही कळलं होतं. "होडी लागूं दे. लागल्याबिगर एक अक्षर बोलायचं नाय. तुला सांगितलंय ना मी? लागूं दे." तिने मला असं कधीच धरलं नव्हतं. सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. माझं वय सतरा, आणि जिने मला लहानाची मोठी केली ती मला गप राहा म्हणत होती. एका बाजूला तिचा हात आणि दुसऱ्या बाजूला खडपाचे काळे दात, ज्यांवर लाट फुटून पांढरी होत होती. थोड्याच वेळात होडी तिथे पोचणार, एवढं कोणालाही दिसत होतं. मी हात सोडवून पळाले.

वर सुक्या वाळूत शांतारामदादा जाळं विणत बसला होता. आमच्याच आळीतला, थोराड, शांत माणूस, आणि त्याच्या होडीचं इंजिन अजून उतरवलेलं नव्हतं. मी त्याच्यासमोर कॅमेरा धरला आणि मागच्या पडद्यावरचा फोटो दाखवला. "दादा, आमच्या होडीत कोण उभं नाय. ती खडपावर जात्ये. चल ना!" त्याने पडद्याकडे बघितलं. "अगो, पाखरू चांगलं आलंय. होडी कुठाय ह्यात?" तो चेष्टा करत नव्हता. फोटोत एक पाखरू, त्याचा पांढऱ्या कडेचा डोळा, लाल चोच, आणि मागे सगळा धुरळा होता. आजूबाजूचे दोघे-तिघे उठून आले. येणाऱ्या होडीबद्दल पोरगी अभद्र बोलतेय हे त्यांच्या कानावर गेलंच होतं, त्यांची तोंडं वाकडी झाली होती. मासळी भरभरून आहे, जाळं काढण्यात गुंतले असतील, वाकले असतील, असं ते एकमेकांना सांगत होते. सांगत होते म्हणजे स्वतःलाच सांगत होते.

तेव्हा मी ती बारकी कळ हलवली. टिट-टिट बंद झालं. भिंगाची कडी बोटांनी फिरवायला लागले. कधी फिरवली नव्हती. आधी सगळंच धुकं झालं, मग पाणी आलं, मग पाखरं आली आणि गेली, आणि त्यांच्या मागे होडीची आतली फळी लागली. मी थांबले. होडी आमच्या बाजूला कलंडावी म्हणून थांबले. ती कलंडली, मी दाबलं. पडद्यावर पाखरं आता नुसते पांढरे फराटे होती, आणि त्यांच्यामधून फळीवर एक पाय दिसत होता, गुडघ्यापासून खाली, तळवा आमच्याकडे करून. शेजारी बांगड्यांचा ढीग. शांतारामदादाने तो पाय बघितला आणि जाळं तसंच टाकून धावला. त्याच्यामागे सगळे. होडी पाण्यात लोटली, इंजिन फुरफुरलं. ते जवळ पोचले तेव्हा होडीवरून पांढरं सगळं एकदम वर उठलं. मागे वाळूवर बाया पुतळ्यासारख्या उभ्या होत्या, आणि काकी तेवढी खाली बसली होती.

पाय बाबांचा होता. ते वाचले. जाळं उचलताना काकाने नेहमीसारखा साप शेपटीला धरला आणि त्या वेळी तो वळला. बोटाला टोचल्यासारखं झालं, एवढंच. काका हसला, बोट चोखलं आणि कामाला लागला. बऱ्याच वेळाने त्याच्या पापण्या जड झाल्या, मग जीभ, मग हातपाय. बाबांनी घाबरून इंजिन मारलं तर पाण्यात राहिलेलं जाळं पंख्यात गुंडाळलं. सुरी घेऊन ते पाण्यात उतरले. जाळं कापता कापता लाटेने होडी उचलली आणि त्यांच्या डोक्यावर आणली. कसेबसे वर चढले आणि आडवे झाले, त्यापुढचं त्यांना आठवत नाही. दापोलीच्या डॉक्टरांनी काकाला तपासून सांगितलं की श्वास बंद पडून फार वेळ झालेला नसावा. त्या सापाच्या विषाने माणूस हलू शकत नाही, डोळे उघडू शकत नाही, पण पुष्कळदा शेवटपर्यंत त्याला सगळं ऐकू येत असतं, असंही ते म्हणाले. ते त्यांनी का सांगितलं, कोणाला सांगितलं, मला माहीत नाही. भिंतीपलीकडे बाकावर काकी होती.

पुढचं सगळं त्याच घरात, त्याच चुलीभोवती. बंदरावर दोन तट पडले. पोरीने ओरडा केला म्हणून एक तरी हाताशी लागला, असं काही म्हणत. होडी टेकायच्या आधी बोलली म्हणून एक गेला, असं बाकीचे. माझ्या तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण मी वाळूवर उतरले की बाया पाठी वळवायच्या. आई भाकरी थापायची आणि काकी भाजायची, पण आता बडबड नव्हती. आईला तिचा नवरा समोर ओटीवर डोक्याला पट्टी बांधून बसलेला दिसायचा, आणि काकीलाही तोच दिसायचा. आई त्याला मोठ्याने हाक मारायची नाही, हसायची नाही, त्याच्या ताटात वाढताना काकीकडे पाठ करायची. जिवंत नवऱ्याची तिला लाज वाटत होती. माझी वेणी मी घालायला लागले, ती सैल व्हायची आणि दुपारपर्यंत सुटायची. काकी मला टाळत नव्हती, हाक मारली तर ओ द्यायची, आणि तेच मला सोसवत नव्हतं. तिने एकदा थोबाडीत मारली असती तर मी तिच्या कुशीत शिरले असते.

कॅमेरा मी फडताळात टाकला होता. पावसाळ्याच्या तोंडावर, पडवीतले बोंबील आत घ्यायची गडबड चालली होती, तेव्हा काकी हात पुसत माझ्यापाशी आली. "ते दाखव," म्हणाली. काय ते, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, तिला बाबांचा पाय दिसलेला फोटो हवाय. तो लावला तर तिने मान हलवली. "त्याच्या आधीचा. पाखराचा." शांतारामदादाने नाकारलेला तो फोटो मी लावला. तिने पडदा उन्हातून सावलीत घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग तिने नखाने दाखवलं. पाखराच्या खांद्यामागे, धुरळ्यात, एक निळा डाग होता आणि त्याच्या वर तपकिरी. निळा शर्ट काकाचा, होडी आमच्या बाजूला कलंडली तेवढ्यात दिसलेला. इतक्या महिन्यांत माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. तिने तो फोटो त्या दिवशी वाळूवर माझ्या हातातून एकदाच, ओझरता बघितला असेल, आणि तेवढ्यात तिला तो दिसला होता.

"पाखराचा डोळा किती लख्ख आलाय," ती म्हणाली. "आणि माज्या माणसाचं तोंड नाय."

मी रडायला लागले. ती नाही रडली. निळ्या डागावरून तिने अंगठा फिरवला, पडदा पुसावा तसा, आणि विचारलं, "ह्यात तो जिता हाय काय गो?"

"मला नाय माहीत, काकी."

"तू बघत होतीस. दुसरं कोण बघत नव्हतं. जिता हाय म्हण."

"जिता हाय," मी म्हटलं.

"परत म्हण."

मी परत म्हटलं. तिने कॅमेरा माझ्या हातात दिला आणि माझ्या पाठीमागे येऊन बसली. माझी सुटलेली वेणी तिने पूर्ण उलगडली आणि फणी मागितली.